शब्द, व्याख्या आणि व्यवहार

विहारातील अभ्यासवर्गात तरुण विद्यार्थ्यांकडून एक मागणी हमखास येते. ‘धम्म’ या शब्दाची एका वाक्यातील व्याख्या सांगा, असे ते म्हणतात. कुणाला ती परीक्षेत लिहावयाची असते, कुणाला भाषणात वापरावयाची असते, तर कुणाला कामाच्या ठिकाणी चेष्टा करणाऱ्या सोबत्याला उत्तर द्यावयाचे असते. मागणी रास्त आहे. परंतु जेव्हा जेव्हा आम्ही असे वाक्य तयार करावयास बसलो, तेव्हा तेव्हा ते अपुरे वाटले. प्रथम आम्हांस वाटले की, हा दोष आमच्या अभ्यासाचा असावा. पुढे ध्यानात आले की, ‘धम्म’ हा तर फार मोठा शब्द झाला. ‘पाणी’, ‘घर’, ‘गाडी’ हे घरातील लेकरूही बोलते ते शब्दसुद्धा एका वाक्याच्या चौकटीत मावत नाहीत. असे का होते, तथागतांनी याविषयी कोणती दृष्टी दिली आहे, आणि आपल्या समाजाच्या इतिहासात या प्रश्नाचे मोल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे आम्ही मुद्दाम लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ व भोवतालच्या मुलखातील घेतली आहेत. शब्दांचा विचार ग्रंथांपेक्षा गावात अधिक स्पष्ट दिसतो, असा आमचा अनुभव आहे.

शिरूर म्हणजे कोणते?

लातूरच्या बसस्थानकावर ‘शिरूरची गाडी किती वाजता?’ असे विचारले, तर उलट प्रश्न येतो, ‘कोणतं शिरूर?’ याच जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद आहे. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे. पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठचे शिरूर आहे. म्हणून आमच्या शिरूरला ‘अनंतपाळ’ ही जोड द्यावी लागते. परंतु शेजारच्या खेड्यातील शेतकरी सकाळी घरातून निघताना ‘शिरूरला जाऊन येतो’ म्हणतो, तेव्हा त्याला कुणी ‘कोणत्या?’ असे विचारत नाही. तेथे ‘अनंतपाळ’ म्हणण्याची गरजच पडत नाही.

आणखी एक गोष्ट पाहावी. १९९९ साली शिरूर अनंतपाळ हा स्वतंत्र तालुका झाला. तेव्हापासून एकाच नावात गाव आले आणि तालुकाही आला. सातबाऱ्याच्या कामासाठी निघालेल्या माणसाच्या तोंडी ‘शिरूर’ म्हणजे तहसील कचेरी असते. भाजीची पाटी घेऊन निघालेल्या बाईच्या तोंडी तेच शिरूर म्हणजे बाजार असतो. नाव एक, ठिकाणही एक. तरी बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग बदलला की अर्थ बदलतो. विशेष हे की, यामुळे कुणाचीही फसगत होत नाही. व्याख्या कुणी सांगितलेली नसते, तरी व्यवहार चोख चालतो.

पाणी आणि तांब्या

ठिकाणाच्या नावाचे असे होणे स्वाभाविक आहे, असे कुणी म्हणेल. म्हणून रोजचा शब्द घेऊ. ‘पाणी आलं’ हे दोन शब्दांचे वाक्य मराठवाड्यात वर्षभर ऐकू येते. मृगात ते पावसाविषयी असते. मे महिन्यात ते टँकरविषयी असते. गल्लीत ते नळाविषयी असते. बोअर घेताना ते शेतकऱ्याच्या पुढील दहा वर्षांच्या आशेविषयी असते. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत ‘पाणी आलं’ म्हणजे गाडी आली, असा अर्थ लातूरकरांना निराळा सांगावा लागला नाही. पाणी म्हणजे हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू यांचा संयोग, ही शास्त्रीय व्याख्या बिनचूक आहे. परंतु वरील वाक्यांपैकी एकही वाक्य त्या व्याख्येने उलगडत नाही.

ज्या भांड्यातून आपण पाणी देतो, त्याचेही असेच. तांब्याचा म्हणून तो ‘तांब्या’. आज घरोघरी स्टीलचे तांबे आहेत, प्लास्टिकचेही आहेत. आणि ‘स्टीलचा तांब्या’ म्हणताना आपल्याला काही विसंगत बोललो असे मुळीच वाटत नाही. कुणी त्यालाच गडवा म्हणते, कुणी लोटा, कुणी चंबू. कुणी म्हणेल, चंबूचा गळा निमुळता असतो. ते खरे, पण गळा किती निमुळता झाला म्हणजे तांब्याचा चंबू होतो, हे कोणत्याही भांडेवाल्याने ठरवून दिलेले नाही.

मग शब्दकोश काय करतो? दाते-कर्वे प्रभृतींनी संपादिलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाला. असा कोश उघडला की, अगदी साध्या शब्दापुढेही अर्थांची रांग उभी दिसते. कोशकार शब्दाला अर्थ बहाल करीत नाही. लोकांनी शब्द कसकसा वापरला, याची तो नोंद ठेवतो. लोक पुढे चालत राहतात आणि नोंद मागे राहते.

नागसेनांचा रथ आणि आपली गाडी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली महाविद्यालय सुरू केले. त्याला ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि त्या परिसराला ‘नागसेनवन’. मराठवाड्यातील आपल्या कितीतरी घरांतील शिकलेली पहिली पिढी तेथून बाहेर पडली. ज्या संवादावरून ही दोन नावे आली, तो ‘मिलिंद प्रश्न’ या ग्रंथातील आरंभीचा प्रसंग आपल्या विषयाच्या गाभ्याचाच आहे.

भदंत नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला सांगतात की, लोक मला नागसेन म्हणतात खरे, परंतु या नावामागे कायमचा असा कुणी पुरुष सापडत नाही. राजा बुचकळ्यात पडतो. तेव्हा नागसेन त्याला, तो ज्या रथातून आला त्या रथाविषयी विचारतात. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. हे सारे भाग वेगळे काढले तर उरते ते काही रथ आहे काय? तेही नाही. शेवटी राजाच मान्य करतो की, या सर्व भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव व्यवहारात चालते. पाली परंपरेत अशा नावाला ‘पञ्ञत्ति’ म्हणतात. प्रज्ञप्ती, म्हणजे लोकांनी मिळून चालविलेली ओळख.

हाच प्रश्न आपण आपल्या ‘गाडी’ला विचारून पाहावा. एके काळी गाडी म्हणजे बैलगाडी. लाकडी चाके जाऊन रबरी टायर आले, तरी ती गाडीच राहिली. पुढे ‘गाडी आली का?’ याचा अर्थ एस. टी. आली का, असा झाला. आज गावातील तरुण ‘गाडी काढतो’ म्हणतो तेव्हा तो मोटारसायकल काढतो. संसाराची गाडी रुळावर येते, तिला तर चाकच नसते. या सर्व गाड्यांत आढळणारा एकच एक गुण शोधू लागलो, तर हाती काही लागत नाही. तरीही शब्द निरुपयोगी झालेला नाही. तो दिवसातून कितीतरी वेळा बिनचूक काम करतो.

दीघनिकायातील पोट्ठपाद सुत्तात तथागतांनी दूध, दही, लोणी, तूप यांचे उदाहरण दिले आहे. एकातून दुसरे होते; परंतु दूध असते तेव्हा त्याला दही म्हणत नाहीत आणि दही झाल्यावर दूध म्हणत नाहीत. ही लोकव्यवहारातील नावे आहेत, तथागतही ती वापरतात, मात्र त्यांना चिकटून राहत नाहीत, असा त्या उपदेशाचा आशय आहे. सर्व संस्कार अनित्य आहेत हे आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. वस्तू अनित्य आहे, तर तिच्यावर बसविलेले नाव तेवढे नित्य कसे असेल?

इ. स. च्या पाचव्या-सहाव्या शतकातील बौद्ध तर्कशास्त्रज्ञ आचार्य दिङ्नाग यांनी हा विचार आणखी पुढे नेला. ‘गाय’ या शब्दामागे सर्व गाईंत वास करणारे ‘गोत्व’ नावाचे नित्य तत्त्व आहे, असे इतर दर्शने मानीत. दिङ्नागांनी ते नाकारले. शब्द आपले काम वगळून करतो. ‘गाय’ म्हणजे जे जे गाय नाही ते बाजूला सारणे, असा त्यांचा अपोहवाद सांगतो. शिरूरचे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. ‘अनंतपाळ’ ही जोड त्या गावाचे वर्णन करण्यासाठी आपण लावीत नाही. ताजबंद, कासार आणि घोडनदीचे शिरूर वगळण्यासाठी लावतो. जेथे वगळण्याची गरज नाही, तेथे ती जोडही गळून पडते. युरोपात विसाव्या शतकात विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञाने ‘खेळ’ या शब्दाचे उदाहरण घेऊन, सर्व खेळांना समान असा एकच गुण नसतो, एका कुटुंबातील माणसांच्या चेहऱ्यांत असते तसे तुटक साम्य असते, असे दाखविले. त्याचा तो ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. बौद्ध आचार्यांनी या प्रश्नाला त्यापूर्वी चौदाशे वर्षे हात घातला होता, हे आपण विसरू नये.

‘पक्के घर’

हा केवळ पंडितांचा वाद आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते, माणसे दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यातील किल्लारी व भोवतालचा लातूर-उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांचा भाग भूकंपाने हादरला. सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

त्या रात्रीपर्यंत या भागात ‘पक्के घर’ म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक होते. मातीत बसविलेल्या दगडांच्या हातभर-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर जड मातीचे माळवद, ते पक्के घर. ज्यांच्याकडे जमीन होती, पैसा होता, त्यांची घरे अशी. कुडाच्या भिंती आणि गवताचे किंवा पत्र्याचे छप्पर, ते कच्चे घर. ज्यांच्याकडे काही नव्हते, त्यांची घरे अशी. भूकंपात दगड-मातीच्या भिंती सुटल्या आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. जी हलकी, कच्ची म्हणून हिणविली गेलेली छपरे होती, त्यांच्याखाली माणसे तुलनेने अधिक वाचली. एका रात्रीत ‘पक्के’ या शब्दाचा अर्थ उलटा झाला. पुढे कित्येक महिने लोक दगडी घरात झोपावयास धजेनात.

आपण हे उदाहरण कुणाच्या दुःखाचा पुरावा म्हणून घेत नाही. यातून घ्यावयाचा बोध असा की, शब्दाचा जो अर्थ आपण सिद्ध मानून चालतो, तो बहुधा एका विशिष्ट गरजेतून बनलेला असतो. ‘पक्के’ हा शब्द ऊन, पाऊस, चोर आणि प्रतिष्ठा यांच्या संदर्भात घडला होता. जमीन हलण्याचा संदर्भ त्यात नव्हता. व्याख्या ही तिच्या प्रयोजनापुरती खरी असते. प्रयोजन विसरून आपण तिच्याखाली निश्चिंत झोपलो, तर ती जीवही घेऊ शकते.

दोन टोके

मज्झिमनिकायात अरणविभंग सुत्त आहे. ‘रण’ हा शब्द मराठी वाचकाला परिचित आहे. ‘अरण’ म्हणजे ज्यात कलह नाही ते. कलह टाळावयाचा तर काय करावे, हे सांगताना भगवंतांनी भाषेचा विषय घेतला आहे. एकाच पात्राला एका जनपदात पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, आणखी कुठे सराव, आणखी कुठे पिसील. आपल्या जनपदातील शब्दच तेवढा खरा आणि बाकी सर्व व्यर्थ, असा आग्रह धरणे हे एक टोक. लोकांत रूढ असलेल्या संज्ञेला डावलून मन मानेल तसे बोलणे हे दुसरे टोक. भिक्षूने ज्या प्रदेशात जावे, तेथील माणसे त्या वस्तूला जे म्हणतात ते अनासक्तपणे म्हणावे, असा त्यातील उपदेश आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या पात्राच्या जागी आपला तांब्या, गडवा, लोटा ठेवून पाहावा. उपदेश जुना वाटणार नाही.

शब्दाला पक्की व्याख्या नसते असे म्हटले की, काही मंडळी लगेच दुसऱ्या टोकाला जातात. मग कशालाच काही अर्थ नाही, ज्याला जे वाटेल ते त्याने म्हणावे, असे त्यांना वाटते. सुत्त या पळवाटेलाही बंद करते. लोकव्यवहार ही काही पोरकट गोष्ट नाही. माणसे एकमेकांना समजतात ती तिच्यामुळेच. अर्थ स्थिर नाही, याचा अर्थ तो कुणा एकाच्या मुठीत आहे असा होत नाही.

‘पाणी चालते काय?’

येथवर शब्द निरुपद्रवी भासले. परंतु आपल्या समाजाला शब्दांची दुसरी बाजूही ठाऊक आहे. मराठीत ‘पाणी चालणे’ असा वाक्प्रचार आहे. ‘त्यांचं पाणी आम्हाला चालत नाही’ हे वाक्य गावोगाव बोलले गेले. त्यात पाण्याच्या गुणधर्माविषयी एक अक्षर नाही. ते पाणी गोड की खारे, गढूळ की निवळ, याचा तेथे प्रश्नच नाही. ‘पाणी’ या शब्दात येथे माणसाची जात भरलेली आहे. म्हणून शब्दाचा अर्थ विचारताना, तो कोण बोलतो, कुणाविषयी बोलतो आणि बोलल्यानंतर कुणाच्या वाट्याला काय येते, हे तिन्ही विचारले पाहिजे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले, तेव्हा कुणाची तहान भागविणे एवढाच हेतू नव्हता. ‘सार्वजनिक पाणी’ या शब्दांत अस्पृश्य येतात की नाही, हा प्रश्न होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर व्याख्या बदलली होती, घाटाच्या पायऱ्यांवर ती बदललेली नव्हती. त्या दिवशी हजारो माणसांनी ओंजळ भरली आणि शब्दाचा अर्थ कृतीने बदलला. प्रतिपक्ष न्यायालयात गेला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी आहे, असे त्याचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले. एका शब्दाच्या अर्थासाठी दहा वर्षे लढावे लागले.

बाबासाहेबांची दृष्टी

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या चौथ्या खंडात ‘रिलिजन’ आणि धम्म यांतील भेद सांगावयास ते बसतात, तेव्हा आरंभीच ते ‘रिलिजन’ या शब्दाला निश्चित अर्थ नाही हे सांगून टाकतात. शब्द एकच राहिला आणि त्याखालील कल्पना मात्र टप्प्याटप्प्याने बदलत गेली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आदिमानवाला वीज, पाऊस, पूर यांचे कोडे होते, तेव्हा जादूटोणा हाच धर्म होता. पुढे विधी, प्रार्थना, यज्ञ आले. त्यानंतर ईश्वर आणि आत्मा आले. प्रत्येक टप्प्याला लोक त्याच नावाने ओळखत राहिले. म्हणून व्याख्येच्या घोळात न अडकता बाबासाहेब विचारतात की, याने जीवनात काय घडते? ‘रिलिजन’ वैयक्तिक मानला जातो. धम्म हा मूलतः सामाजिक आहे, दोन माणसांमधील उचित संबंध आहे. शब्दाची पारख त्यांनी त्याच्या कार्यावरून केली.

त्याच खंडात त्यांनी आणखी एक इशारा दिला आहे. शब्द सारखे असले म्हणजे सिद्धांत सारखे असतात असे नव्हे. पुनर्जन्म, कर्म, अहिंसा हे शब्द बौद्ध आणि ब्राह्मणी परंपरेत समान दिसतात, परंतु त्यांखालील आशय भिन्न आहे. यांपैकी ‘कर्म’ हा शब्द आपण घरातच तपासून पाहावा. अंगुत्तरनिकायात भगवंतांनी चेतनेला, म्हणजे जाणीवपूर्वक केलेल्या संकल्पाला, कर्म म्हटले आहे. त्यात माणसाच्या हाती काहीतरी आहे. आपल्या बोलीत मात्र पीक बुडाले, मुलगा नापास झाला, घरात आजारपण आले की कपाळाला हात लावून ‘काय करता, कर्म माझं!’ असे म्हटले जाते. येथे ‘कर्म’ म्हणजे जे आपल्या हाती मुळीच नाही ते. शब्द तोच, अर्थ नेमका उलटा. हे वाक्य भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरांतही ऐकू येते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी माणसांनी एका दिवसात धम्मदीक्षा घेतली. शब्दांना दीक्षा इतक्या लवकर देता येत नाही. लग्नपत्रिकेवर आपण ‘मंगल परिणय’ छापतो आणि घरातील आजी ‘लगीन’च म्हणते. यात आजीचे काही चुकत नाही. ज्या लगनात हुंडा नाही, मुहूर्त नाही, उभयतांची समान प्रतिज्ञा आहे, ते तिच्या तोंडी ‘लगीन’ असले तरी नवेच आहे. आणि पत्रिकेवर ‘मंगल परिणय’ असून आत देवाणघेवाण जुनीच असेल, तर शब्द नवा आणि अर्थ जुना. ‘जयभीम’ या अभिवादनाकडे पाहावे. कामठीचे बाबू हरदास यांनी ते रूढ केले. त्याची फोड करून अर्थ सांगू लागलो तर दोन शब्दांत संपेल. परंतु तोच शब्द भेटीचा आहे, निरोपाचा आहे, अनोळखी गावात आपले माणूस ओळखण्याचा आहे, मोर्चातील घोषणेचा आहे. पूर्वी वाकून ‘जोहार’ म्हणावे लागे. आता ताठ मानेने ‘जयभीम’ म्हटले जाते. त्या शब्दाचा खरा अर्थ त्या ताठ मानेत आहे, आणि मान कोणत्याही कोशात छापता येत नाही.

कायद्यातील दोन शब्द

मग व्याख्या नकोच काय? तसे म्हणणे आपल्याला परवडणारे नाही. दाखला, शिष्यवृत्ती, राखीव जागा यांचा व्यवहार व्याख्येशिवाय चालत नाही. परंतु व्याख्या केव्हा दार उघडते आणि केव्हा लावते, हे कळण्यासाठी कायद्यातील दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला शब्द ‘बौद्ध’. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदू धर्माचाच असला पाहिजे असे, काही शीख जातींचा अपवाद सोडता, ठरविले. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी दीक्षा घेतलेले आपले लोक मात्र केंद्राच्या दृष्टीने त्या व्याख्येबाहेर गेले. गावात त्यांची वस्ती तीच राहिली, मजुरी तीच राहिली, विहिरीवरील वागणूकही तीच राहिली. बदलला तो फक्त दाखल्यावरील शब्द. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती दिल्या, आणि त्यासोबत ‘नवबौद्ध’ हा शब्द सरकारी कागदांत रुजला. तो आजही योजनांच्या नावांत दिसतो. दीक्षेनंतर जन्मलेल्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला ‘नव’ किती काळ म्हणावयाचे, हा प्रश्न त्या शब्दाने स्वतःला कधी विचारलेला नाही. केंद्राचा आदेश १९९० साली दुरुस्त झाला आणि त्यात बौद्ध आले. एका बंद व्याख्येने चौतीस वर्षे दार लावून ठेवले.

दुसरा शब्द ‘अस्पृश्यता’. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पण त्या शब्दाची व्याख्या दिली नाही. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी हा अनुच्छेद संमत झाला, तेव्हा व्याख्येच्या अभावाकडे प्रा. के. टी. शहा यांनी लक्ष वेधले होते. साथीच्या रोग्यालाही शिवत नाहीत, मग तीही अस्पृश्यता काय, अशा स्वरूपाची ती शंका होती. तरीही व्याख्या घातली गेली नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यातही ती नाही; हाच कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. पुढे न्यायालयांनी सांगितले की, हा शब्द अक्षरार्थाने घ्यावयाचा नसून, या देशात इतिहासक्रमाने जी प्रथा वाढली तिच्या संदर्भात घ्यावयाचा आहे.

आमच्या मते, यामुळे संरक्षण अधिक मजबूत झाले. समजा, तेव्हा विहीर, मंदिर, हॉटेल अशी यादी करून व्याख्या बंद केली असती, तर अस्पृश्यता त्या यादीबाहेर सरकून बसली असती. ती तशी सरकतच असते. कधी ती चहाच्या टपरीवर वेगळ्या ठेवलेल्या कपबशीत असते; ती कपबशी गेली की भाड्याच्या खोलीसाठी आडनाव विचारण्यात असते. प्रथा रूप बदलते, म्हणून तिला पकडणाऱ्या शब्दालाही हालचालीस जागा हवी.

मराठवाड्याने याच जातीचा आणखी एक प्रसंग सोसला आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि आपल्या वस्त्यांवर आगीचे लोळ उठले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांनी प्राण गमावले. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव बदलले, त्याला अधिकृत शब्द ‘नामविस्तार’. लोक मात्र अजूनही त्या लढ्याला ‘नामांतर’ म्हणतात. ‘नामविस्तार’ कागदावरील अक्षरे सांगतो. ‘नामांतर’ सोळा वर्षांत जे भोगले ते सांगतो. यांतील एकच शब्द खरा, असे म्हणण्याचे कारण नाही. कुठला शब्द काय सांगतो हे ओळखले म्हणजे झाले.

समारोप

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे परत येऊ. ‘धम्म’ची एका वाक्यातील व्याख्या परीक्षेसाठी अवश्य पाठ करावी, ती प्रयोजनापुरती खरी आहे. परंतु चेष्टा करणाऱ्या सोबत्याला उत्तर द्यावयाचे असेल, तर ते वाक्य पुरणार नाही. त्याला आपले शेजाऱ्याशी वागणे दाखवावे लागेल, घरातील मुलीचे शिक्षण दाखवावे लागेल, आपल्या दारी आलेल्या माणसाला त्याची जात न विचारता पुढे केलेला पाण्याचा तांब्या दाखवावा लागेल. तो तांब्या स्टीलचा आहे की तांब्याचा, त्याला आपण गडवा म्हणतो की लोटा, याने काही बिघडत नाही.

अभ्यासवर्गांसाठी एक सूचना करून आम्ही थांबतो. प्रत्येक वर्गात रोजचा एक शब्द घ्यावा: कर्म, पाणी, मान, इज्जत, घर. त्याची व्याख्या विचारू नये. आपल्या घरात, वस्तीत, कचेरीत तो कोण कुणाला उद्देशून म्हणतो आणि म्हटल्यावर काय होते, एवढेच प्रत्येकाने सांगावे. आईच्या तोंडचे ‘कर्म माझं’ तेथे हसण्यासाठी मांडू नये. ती कोणत्या संकटात ते बोलली, हे आधी ऐकावे. शब्दाचे धर्मांतर व्याख्येने होत नाही, वापराने होते. ज्या दिवशी पीक बुडालेल्या घरात ‘कर्म’ हा शब्द ‘आता काय करावयाचे?’ या अर्थाने उच्चारला जाईल, त्या दिवशी तो शब्द खऱ्या अर्थाने भगवंतांचा झाला असे आम्ही समजू.